खिजगणतीत नसलेले आयरिश आणि मेरी हिकमन

ब्रिटनच्या 1991 च्या जनगणनेत लोकांना पहिल्यांदाच विचारलं गेलं, तुम्ही कोणत्या वांशिक समाजाचे? कॅरिबियन, भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी, चिनी असे पर्याय छापले होते. 'गोरे' हा मात्र एकच रकाना. परदेशात जन्मलेल्यांमध्ये तेव्हा सर्वांत मोठा समाज आयरिशांचा होता. जन्मदेशाच्या प्रश्नावरून ते तरी मोजता येत. ब्रिटनमध्ये जन्मलेली त्यांची मुलं थेट गोऱ्या बहुसंख्येत जमा झाली.

2001 च्या अर्जात 'गोरे' या शीर्षकाखाली 'आयरिश' हा वेगळा रकाना आला. त्यासाठी संस्था-संघटनांनी मोठा पाठपुरावा केला होता, आणि त्या मागणीला अभ्यासाचं बळ देणाऱ्यांत समाजशास्त्रज्ञ मेरी हिकमन यांचं नाव आघाडीवर आहे.

मुळात हे लोक आले कधी? ये-जा फार जुनी, पण लोंढा आला तो 1845 नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात. सुमारे दहा लाख माणसं मेली, तितकीच किंवा त्याहून जास्त देश सोडून गेली. अमेरिकेचं भाडं ज्यांना परवडलं नाही ते लिव्हरपूल, ग्लासगो, मँचेस्टरला उतरले. 1861 मध्ये ब्रिटनमध्ये आयर्लंडात जन्मलेले सुमारे आठ लाख लोक होते.

ही माणसं हळूहळू इंग्रज समाजात मिसळून गेली, ही समजूत वर्षानुवर्षं चालत आली होती. हिकमन यांनी तिलाच हात घातला. 1995 च्या त्यांच्या ग्रंथाचा विषय म्हणजे राज्यसंस्था, कॅथलिक चर्च आणि आयरिश मुलांचं शिक्षण. 1847 पासून सरकारने कॅथलिक शाळांना अनुदान द्यायला सुरुवात केली. या शाळांत मूल कॅथलिक म्हणून वाढायचं, पण आयर्लंडचा इतिहास त्याच्या कानावरही पडायचा नाही. म्हणजे आयरिशपण आपोआप विरलं नाही, ते शाळेच्या बाकावर पद्धतशीरपणे पुसलं गेलं, असं त्यांनी दाखवून दिलं. त्यांच्या सगळ्या कामात मला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो, कारण पुढचे त्यांचे सगळे प्रश्न इथूनच निघतात.

दुसरी मोठी लाट 1950 च्या दशकातली. चारेक लाख लोक आयर्लंडबाहेर गेले आणि 1961 मध्ये प्रजासत्ताकाची लोकसंख्या 28 लाखांवर घसरली. पुरुष रस्त्यांच्या आणि इमारतींच्या कामावर, बायका इस्पितळांत नर्स म्हणून. मालवण तालुक्यातल्या वराडच्या घराण्यातले एक डॉक्टर पुढच्या, 1960 च्या दशकात इंग्लंडमध्ये नोकरी करत होते. तिथे त्यांची गाठ एका आयरिश नर्सशी पडली. त्यांचा मुलगा लिओ वराडकर पुढे, 2017 मध्ये, आयर्लंडचा पंतप्रधान झाला.

1962 च्या कायद्याने राष्ट्रकुलातल्या नागरिकांवर प्रवेशाचे निर्बंध आले. आयरिशांना प्रत्यक्षात ते लागू झाले नाहीत. हिकमन यांचं म्हणणं असं, की आयरिशांना 'आपल्यातलेच गोरे' ठरवल्यामुळे स्थलांतराचा प्रश्न म्हणजे रंगाचा प्रश्न हे समीकरण पक्कं झालं, आणि आयरिशांना सोसावा लागणारा भेदभाव बोलायचीही सोय राहिली नाही.

आणि भेदभाव होताच. नोव्हेंबर 1974 मध्ये बर्मिंगहॅमच्या दोन पबमध्ये बॉम्बस्फोट होऊन 21 जण ठार झाले. संशय आयआरए या सशस्त्र आयरिश संघटनेवर होता, आणि त्याची झळ सगळ्या आयरिशांना बसली. लगोलग दहशतवादविरोधी कायदा आला. आरोप न ठेवता सात दिवसांपर्यंत कोठडीत ठेवण्याची मुभा त्यात होती. या स्फोटांसाठी ज्या सहा आयरिशांना जन्मठेप झाली, ते निर्दोष ठरून सुटले 1991 मध्ये. त्या काळात दुकानात, बसमध्ये तोंड उघडलं की उच्चारावरून माणूस ओळखला जाई, म्हणून कित्येकांनी चारचौघांत बोलणंच कमी केलं.

अशा वातावरणात 1986 मध्ये उत्तर लंडनच्या पॉलिटेक्निकमध्ये आयरिश अभ्यास केंद्र सुरू झालं. हिकमन त्याच्या संचालक होत्या. ब्रिटनच्या वांशिक समानता आयोगाने आयरिशांवरच्या भेदभावाचा अभ्यास त्यांच्याकडे आणि भूगोलतज्ज्ञ ब्रॉनवेन वॉल्टर यांच्याकडे सोपवला, तेव्हा काही वृत्तपत्रांनी त्याची खिल्ली उडवली. 1997 चा अहवाल ठाम होता: कामाच्या ठिकाणचे आयरिशांवरचे विनोद ऐकणाऱ्याला निरुपद्रवी वाटत नव्हते.

पुढे दोघींनी सहकाऱ्यांसह दुसऱ्या पिढीचा अभ्यास केला. लंडन, मँचेस्टर, कॉव्हेंट्री, बॅनबरी आणि ग्लासगो परिसरात. या पिढीची कोंडी विलक्षण होती. इंग्लंडमध्ये त्यांना इंग्रज म्हणून गृहीत धरलं जाई, आणि स्वतःला आयरिश म्हटलं की 'प्लास्टिक पॅडी', म्हणजे नकली आयरिश, हा टोमणा ठरलेला. नवा रकाना आल्यावरही 2001 मध्ये इंग्लंड-वेल्समध्ये सुमारे 6 लाख 40 हजार लोकांनीच त्यावर खूण केली. दुसऱ्या पिढीतले बहुतेक जण त्यात आलेच नाहीत.

खुद्द आयर्लंडही गेलेल्यांबद्दल बराच काळ गप्प होता. 1995 मध्ये राष्ट्राध्यक्ष मेरी रॉबिन्सन यांनी संसदेत जगभरच्या सात कोटी आयरिश वंशजांचा विषय मांडला. 2002 मध्ये परदेशस्थांविषयी धोरण सुचवणाऱ्या सरकारी कृतिगटावर हिकमन होत्या. नंतर परदेशस्थ नागरिकांना मतदानाचा हक्क मिळावा म्हणून त्या मोहिमेत उतरल्या. 2013 मध्ये आयर्लंडच्या राज्यघटनेत बदल सुचवणाऱ्या घटना परिषदेने राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीपुरता हा हक्क द्यायला कौल दिला. त्यासाठीचं सार्वमत मात्र पुन्हा पुन्हा पुढे ढकललं गेलं आहे.