नॉमिनी आणि वारस: जुना फ्लॅट विकताना सही कोणाकोणाची लागते?

मुंबईत वडिलांच्या नावावरचा फ्लॅट विकायला निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "बाबांनी नॉमिनी मला केलं होतं, सोसायटीने शेअर सर्टिफिकेटवर माझं नाव चढवलं, म्हणजे फ्लॅट माझाच." (शेअर सर्टिफिकेट म्हणजे सोसायटीच्या सदस्यत्वाचा कागद.) विकणारा हे मनापासून बोलतो. एजंट मान डोलावतो. सेक्रेटरीही सांगतो, "हो, आमच्या रजिस्टरला यांचंच नाव आहे." घेणारा त्या भरवशावर टोकनचा चेक फाडतो. यात कोणीच खोटं बोललेलं नसतं, तरी व्यवहाराचा पाया कच्चा असतो. गिरगावपासून बोरिवली-मुलुंडपर्यंत, ज्या इमारतींत मूळ सदस्यांची पिढी आता मागे पडत चालली आहे, तिथे हा घोळ रोजचा झाला आहे.

वारस कोण, हे बहुतेकांना माहीत असतं, त्यामुळे थोडक्यात सांगतो. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला, तर १९५६ च्या वारसा कायद्याप्रमाणे पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांना सारखा हिस्सा मिळतो. मुलीचं लग्न झालं आहे की नाही, तिला लग्नात काय दिलं, याचा इथे काही संबंध नाही. मुलगा किंवा मुलगी आधीच वारली असेल तर त्यांच्या मागे राहिलेल्यांचा विचार करावा लागतो. मुस्लिम, ख्रिश्चन आणि पारशी कुटुंबांना त्यांचे नियम वेगळे आहेत. मृत्युपत्र असेल तर ते म्हणेल तसं, मात्र मुंबईतल्या फ्लॅटसाठी घेणाऱ्याचे वकील प्रोबेट (मृत्युपत्र खरं असल्याचं न्यायालयाचं प्रमाणपत्र) आहे का हे विचारतात. ते आधीच गृहीत धरून चाला.

आता नॉमिनी. सदस्य गेल्यानंतर सोसायटीने पत्रव्यवहार कोणाशी करायचा, मेंटेनन्सचं बिल कोणाला पाठवायचं, शेअर कोणाच्या हाती सोपवायचे, एवढ्यापुरता सदस्याने नेमून ठेवलेला माणूस म्हणजे नॉमिनी. तो खऱ्या हक्कदारांच्या वतीने मालमत्ता सांभाळतो. मुंबई उच्च न्यायालयाने १९८१ सालीच सोसायटीच्या फ्लॅटबाबत सांगितलं होतं की नॉमिनेशनने मालकी मिळत नाही. विम्याच्या नॉमिनीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९८३ मध्ये तेच म्हटलं आणि कंपनीच्या शेअरबद्दल डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा. तरीही २०१६ च्या एका निकालाचं कात्रण अजून व्हॉट्सअॅपवर फिरत असतं. तो निकाल पश्चिम बंगालमधल्या एका सोसायटीच्या प्रकरणातला. सोसायटीने नॉमिनीच्या नावे शेअर करून द्यायला हवेत, असं त्यात आहे हे खरं. पण घरातल्या इतरांना वारसाहक्कासाठी दाद मागायची मोकळीक आहे, हेही त्याच निकालात आहे, आणि कात्रणात नेमकं तेवढंच गाळलेलं असतं.

महाराष्ट्रात २०१९ च्या दुरुस्तीने हा प्रश्न कायद्याच्या शब्दांतच सोडवला. सहकारी संस्था कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी नवं प्रकरण आलं. त्यातलं कलम १५४ब-१३ सांगतं की नॉमिनीला तात्पुरता सदस्य करून घ्यायचं, तेही वारस किंवा मृत्युपत्राप्रमाणे हक्कदार असलेली माणसं रीतसर सदस्य होईपर्यंत. नॉमिनेशनच नसेल तर सोसायटीला जो वारस दिसतो त्याला तात्पुरता सदस्य करायचं. "तात्पुरता" हा शब्द फार मोलाचा आहे.

खरी ठेच लागते ती २०१९ च्या आधी झालेल्या हस्तांतरांत. त्या काळातल्या शेअर सर्टिफिकेटवर "तात्पुरता" असं काही लिहिलेलं नसतं. कागद पूर्ण सदस्याच्या कागदासारखाच दिसतो, म्हणून पुढच्या बाजूचं नाव बघून समाधान मानू नका. सर्टिफिकेट उलटं करा. मागे हस्तांतराचा तक्ता असतो: क्रमांक, समितीच्या सभेची तारीख, देणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव आणि चेअरमन, सेक्रेटरी, समिती सदस्य यांच्या सह्या. त्यातली एकेक ओळ घ्या आणि प्रत्येक ओळीसमोर नोंदणी झालेला दस्त आणि त्याचं इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला त्या दस्ताचा उतारा) मागा. पहिल्या मालकाकडून दुसऱ्याकडे फ्लॅट गेला तर मधे करार असायलाच हवा. एखाद्या ओळीला दस्त नाही, दोन्ही आडनावं एक आहेत, तर त्या तारखेच्या आसपास घरात कोणीतरी गेलेलं आहे असं धरा आणि तिथेच थांबा. मृत्यूचा दाखला मागा, सगळ्या वारसांची यादी मागा आणि नाव चढलं ते नॉमिनी म्हणून की नोंदणीकृत हक्कसोडपत्रावरून, हे सोसायटीकडून लेखी घ्या. फ्लॅट पाहायला चार खेपा घालणारी माणसं ही मागची बाजू पाहतच नाहीत, याचं वाईट वाटतं.

घोळ वाढतो तो नॉमिनी स्वतःही वारस असतो म्हणून. दादरचा दीड कोटींचा फ्लॅट धरू. वडील मृत्युपत्र न करता गेले. मागे पत्नी, दोन मुलगे, एक मुलगी आणि वडिलांची आई. थोरला मुलगा नॉमिनी. हिस्से पाच, प्रत्येकी ३० लाखांचा. थोरल्याला विकता येतो तो त्याचा स्वतःचा एक पंचमांश हिस्सा. त्याच्या एकट्याच्या सहीवर ज्याने पूर्ण दीड कोटी मोजले, त्याने उरलेल्या चार हिश्श्यांचे १ कोटी २० लाख हक्क नसलेल्या माणसाच्या हातात दिले. शिवाय मुंबईत पुरुष खरेदीदार ६ टक्के मुद्रांक शुल्क भरतो (महिलांना १ टक्का सवलत आहे). म्हणजे ९ लाख तिथे आणि ३० हजार नोंदणीचे. तेही पूर्ण किमतीवर. आणि राहत्या घरातला एकाच वारसाचा हिस्सा बाहेरच्याने घेतला, तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे त्याला त्या कुटुंबासोबत एकत्र ताबा मागता येत नाही. हातात राहतो तो वाटणीचा दावा.

याच उदाहरणातली आजी सगळेच विसरतात. वारसांच्या यादीत "आई, मी, भाऊ, ताई" एवढीच नावं सांगितली जातात. वडील गेले तेव्हा आजी हयात असेल, तर तिचा पाचवा हिस्सा त्याच क्षणी ठरला. नंतर तीही मृत्युपत्र न करता गेली, आजोबा आधीच गेलेले होते, तर तिचे ३० लाख तिच्या वारसांकडे जातात. समजा एक काका आणि एक आत्या आहे. काकांना १० लाख, आत्याला १० लाख, आणि वडिलांच्या वाट्याचे १० लाख तिन्ही नातवंडांत. म्हणजे चार जणांच्या सह्यांनी पूर्ण होईल असं वाटणाऱ्या व्यवहाराला काका आणि आत्याचीही सही लागते. म्हणून मृत्यूचे दाखले तारखेच्या क्रमाने मांडून बसा. कोण कोणाच्या आधी गेलं, यावर यादी बदलते.

जोड नावांबद्दलचा गैरसमजही याच पठडीतला. करारात नवरा-बायको दोघांची नावं आहेत, नवरा गेला, "आता सगळं आईचं." नाही. दोघांचा अर्धा-अर्धा हिस्सा असेल तर आईचा अर्धा तिचाच राहतो आणि नवऱ्याच्या अर्ध्याची वाटणी होते. एक मुलगा आणि एक मुलगी असेल (आणि नवऱ्याची आई हयात नसेल) तर आईकडे एकूण दोन तृतीयांश, मुलांकडे प्रत्येकी एक षष्ठांश. दुसरं नाव करारात नसून फक्त शेअर सर्टिफिकेटवर सहयोगी सदस्य म्हणून असेल, तर तेवढ्याने मालकी येत नाही.

यावरचा इलाज माहीत असतो, पण तोच अर्धवट केला जातो. "बहिणीने हक्क सोडलाय, हा बघा कागद" म्हणून स्टॅम्प पेपरवरचं नोटरी केलेलं पत्र पुढे येतं. त्याचा फ्लॅटच्या मालकीसाठी उपयोग नाही. स्थावर मालमत्तेतला हक्क सोडायचा तर हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावंच लागतं, सही केल्यापासून ४ महिन्यांच्या आत. सोसायटीला दिलेलं ना-हरकत पत्र, वर्तमानपत्रातली नोटीस, समितीचा ठराव, यांतलं काहीही त्याची जागा घेत नाही. वारसाने आलेला हिस्सा मोबदला न घेता सख्ख्या नात्यात सोडला तर मुद्रांक शुल्क नाममात्र असतं. तेव्हा खर्च वाचवण्यासाठी नोटरीवर भागवण्यात काही हशील नाही.

हक्कसोडपत्रात मयताचं नाव आणि मृत्यूची तारीख, सगळ्या वारसांची नावं (हक्क न सोडणाऱ्यांचीही), कोण कोणाच्या लाभात सोडतं आहे, फ्लॅटचा क्रमांक आणि क्षेत्रफळ, सीटीएस (नगर भूमापन) क्रमांक, मूळ कराराचा नोंदणी क्रमांक, शेअर सर्टिफिकेटचा आणि शेअरचे क्रमांक, एवढं हवं. बहिणीचं माहेरचं आणि सासरचं नाव दोन्ही घाला. आधारवर एक आणि मूळ कागदांवर दुसरं असेल तर नंतर बँकेचा वकील तिथेच अडतो. एखादा वारस अज्ञान (१८ वर्षांखालचा) असेल, तर पालकाच्या नुसत्या सहीने त्याचा हिस्सा सोडता किंवा विकता येत नाही. आधी न्यायालयाची परवानगी काढा. कोणी परदेशात असेल तर तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित केलेलं कुलमुखत्यारपत्र इथे पोचल्यापासून ३ महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरून घ्यावं लागतं. टेबलाच्या खणात पडून राहिलेली मुखत्यारपत्रं ऐन नोंदणीच्या दिवशी व्यवहार अडवतात.

घर ठेवायचं असेल तर हक्कसोडपत्र करा. विकायचंच असेल तर त्या भानगडीत पडू नका. सगळ्या वारसांनी विक्रीच्या करारावर थेट विकणारे म्हणून सही करावी, हे माझं ठाम मत आहे. आधी थोरल्याच्या नावे फुकट हक्क सोडायचा आणि मग त्याने भावंडांना गुपचूप पैसे द्यायचे, यात आयकराचे प्रश्न उभे राहतात आणि नात्यांतही वितुष्ट येतं. सगळे विकणारे असतील तर प्रत्येकाला त्याच्या हिश्श्याचा चेक त्याच्या खात्यात मिळतो आणि भांडवली नफ्याचा हिशेबही प्रत्येकाचा वेगळा होतो. वडिलांनी फ्लॅट किती वर्षं ठेवला होता, तो काळही त्यात धरला जातो. किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर घेणारा १ टक्का टीडीएस कापतो, तो प्रत्येक विकणाऱ्याच्या पॅनवर वेगळा भरायचा. विकणारी बहीण अनिवासी असेल तर तिला हा १ टक्क्याचा नियम लागू नाही, कपात बरीच जास्त असते. करार ठरण्याआधी सीएला विचारा.

वारसांत एकमत नसेल किंवा कोणी सापडत नसेल, तर न्यायालयातून वारस दाखला किंवा प्रशासनपत्र (मयताची मालमत्ता सांभाळून वाटण्याचा अधिकार देणारा कागद) काढावं लागतं. वारस दाखल्याचा आधार अजूनही १८२७ चं मुंबई रेग्युलेशन ८ आहे. उत्तराधिकार प्रमाणपत्र मुळात बँकेतल्या ठेवी, शेअर, येणी यांसाठी असतं. तिन्हींना सरसकट "कोर्टाचा कागद" म्हणणाऱ्या एजंटवर विसंबू नका, नेमका कोणता कागद आहे तो उघडून वाचा.

वर्तमानपत्रात एक मराठी आणि एक इंग्रजी जाहीर नोटीस, १४ दिवसांची मुदत, हे घेणाऱ्याने जरूर करावं. कोणी हरकतीला येतं का ते कळतं. पण नोटिशीला उत्तर दिलं नाही म्हणून वारसाचा हक्क बुडत नाही. सोसायटीच्या ना-हरकतीचंही तेच. तिथे थकबाकी किती आणि सभासदत्व कोणत्या आधारावर दिलं, एवढं विचारा. वारसाच्या नावे फ्लॅट होताना सोसायटी हस्तांतर प्रीमियम मागू लागली तर तो देय नाही. तो २५ हजारांपर्यंतचा प्रीमियम विक्रीच्या वेळचा आहे.

टोकन देतानाच एक काम करा. पावतीवर विकणारे म्हणून सगळ्या वारसांची नावं लिहून घ्या, एकट्या नॉमिनीचं नको. शेजारी मृत्यूच्या दाखल्याचा क्रमांक आणि "सर्व वारस करारावर सही करतील, न केल्यास टोकन पूर्ण परत" ही ओळ घाला. ज्या घरात एकमत आहे तिथे सह्या संध्याकाळपर्यंत होतात. जिथे "ताईला मध्ये कशाला आणता" असं उत्तर येतं, तिथे चेकबुक परत बॅगेत ठेवा.