नाना पेठेतली कोपऱ्यावरची परमिट रूम : पार्श्वभूमी

कोपऱ्यावरची ती जुनी इमारत पाडायची की टेकू देऊन ठेवायची, यावर मालक, वरच्या मजल्यावरचे भाडेकरू आणि तळमजल्यावर परमिट रूम चालवणारं कुटुंब यांच्यात जे चाललंय ते पेठेत कुणाला नवीन नाही. नवीन वाटेल ते इतकंच, की या भांडणाचं मूळ इमारतीच्या सागवानी खांबांत जेवढं आहे, तेवढंच ‘परमिट रूम’ या दोन शब्दांत आहे.

लांबचा इतिहास थोडक्यात. अठराव्या शतकाच्या अखेरीस पेठ वसली. १८१७ च्या खडकीच्या लढाईनंतर पूर्वेला कॅम्प आला आणि त्याबरोबर गोऱ्या शिपायांची दारूही. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने दारूचा धंदा सरकारी चौकटीत नीट बसवला. देशी दारूच्या दुकानाला आपण अजून ‘गुत्ता’ म्हणतो. गुत्ता म्हणजे मुळात मक्ता, ठेका. सरकारने लिलावात दिलेल्या हक्काचं नाव दुकानाला चिकटलं आणि लिलाव विसरला गेला. १९०८ मध्ये याच शहरात दारूच्या दुकानांपुढे निदर्शनं झाली होती. त्यामुळे ‘पुणेकर आणि दारू’ हा वाद पबवाल्यांनी आणला असं कुणी सांगितलं, तर त्याला पेठेचा इतिहास ठाऊक नाही असं खुशाल समजावं.

आता तो शब्द. १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम आला आणि पिणं हाच मुळात गुन्हा ठरला. परवाना असेल तर सूट. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायद्यातली काही कलमं उडवली, पण गाभा शाबूत ठेवला. तेव्हापासून आपल्याकडे दारू विकायचाच नाही, प्यायचाही परवाना लागतो. सुरुवातीला तो मिळायचा प्रकृतीच्या कारणावरून, डॉक्टरी दाखल्यावर. असे परवानेवाले हॉटेलात आले, तर त्यांना बाकीच्या गिऱ्हाइकांच्या नजरेआड बसवायचं, म्हणून वेगळी खोली. परवान्याची खोली, म्हणजे परमिट रूम. खोली हॉटेलची होती, परवाना पिणाऱ्याचा. १९६० च्या दशकात अटी सैल होत गेल्या, पुढे देशी दारूही कायदेशीर झाली, आणि हळूहळू परवाना खोलीचाच आहे असं सगळे मानू लागले. आज पाटीवर ‘रेस्टॉरंट अँड परमिट रूम’ वाचून कुणाच्या मनात येत नाही की परमिट आपल्या खिशात असायला हवं.

कायदा मात्र विसरलेला नाही. विदेशी मद्याचा एक दिवसाचा परवाना पाच रुपये, देशीचा दोन रुपये. वर्षाचा शंभर, आजन्म हजार. बिअर आणि वाईनला वय एकवीस, कडक दारूला पंचवीस. कोपऱ्यावरच्या या जागेत गल्ल्याच्या खणात एकदिवसीय परवान्यांची पुस्तकं असतात. रात्री धंदा आवरला की गल्ल्यावरचा माणूस चष्मा कपाळावरून खाली ओढतो आणि एकेक पावती भरत बसतो. नावं पेठेतलीच, बहुतेक पाठ झालेली. ज्याच्या नावाने पावती फाटते तो तेव्हा घरी भांडी आपटल्याचे आवाज ऐकत असतो. याला कुणी लबाडी म्हणेल. मला तरी ती पाऊणशे वर्षांच्या कायद्याची रोजची शेवटची आरती वाटते.

या शब्दावर एवढं थांबायचं कारण इमारत. बाररूमच्या परवान्याबरोबर जागेचा मंजूर नकाशा जोडलेला असतो. काउंटर कुठे, गिऱ्हाईक बसणार कुठे, साठा कुठे, सगळं त्यात. भिंत हलवायची तर परवानगी लागते. म्हणून आसपासच्या वाड्यांना ॲल्युमिनियमच्या खिडक्या नि काचेची दुकानं आली, तरी इथला पोटमाळा, तो चढताना डोकं आपटणारी तुळई आणि मोरीशेजारचं मागचं दार जिथल्या तिथे राहिलं. एसी सेक्शन म्हणजे त्याच पोटमाळ्याला ठोकलेलं प्लायवूड. क्वार्टर तीच, भाव वेगळा. दुसरीकडे पागडी. जुन्या भाडे कायद्याने गोठवलेलं भाडं १९९९ च्या नव्या कायद्यानंतरही फारसं हललं नाही. मालकाला दुरुस्ती परवडत नाही, भाडेकरूला जागा सोडणं परवडत नाही. दर पावसाळ्याआधी धोकादायक वाड्यांना नोटिसा निघतात, तशी इथेही लागते आणि दिवाळीपर्यंत तिच्यावर क्लासची जाहिरात चढते.

शहर दरम्यान कुठच्या कुठे गेलं. कोरेगाव पार्क, कल्याणीनगर, मुंढवा इकडे पब आले. २००९ पासून पुण्यातच तयार झालेली ताजी बिअर मिळू लागली. ‘बसायला जाऊ’ म्हणणारी पिढी आणि ‘पबला जाऊ’ म्हणणारी पिढी वेगळी पडली. वर्तमानपत्रं मात्र दोघांना एकाच मथळ्यात बसवतात.

२०१६ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने महामार्गालगतची दारूविक्री पाचशे मीटरच्या आत बंद केली. एप्रिल २०१७ पासून सोलापूर, नगर, सातारा रस्त्यांवर दुकानांना आणि बारना कुलपं लागली. जुलैत महापालिका हद्दीला ते बंधन नाही असा खुलासा झाला आणि कुलपं निघू लागली. पेठेला याची झळ नव्हती, पण अंतर कुठून कुठे मोजायचं हा प्रश्न तेव्हा घरोघरी पोचला. कोरोनाच्या टाळेबंदीत, २०२० च्या मेमध्ये, वाईन शॉपसमोर रांगा लागल्या, परमिट रूमना मात्र पडून राहिलेला माल सीलबंद विकण्यापुरतीच मुभा मिळाली. बसून प्यायला ऑक्टोबर उजाडला. २०२२ मध्ये मद्यालयांना महापुरुषांची आणि गडकिल्ल्यांची नावं नकोत असं ठरलं. २०२३ च्या नोव्हेंबरात परमिट रूममधल्या मद्यावरचा व्हॅट पाचाचा दहा टक्के झाला. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरात अल्पवयीन मुलाच्या गाडीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. त्यानंतर तपासणीचा जो फेरा निघाला तो पबवरून सुरू झाला, पण पेठेतल्या जागांनाही वयाचे पुरावे मागायची सवय लावून गेला. ती आधीच लागायला हवी होती, हेही खरं. १४ जुलै २०२५ ला करवाढीविरुद्ध राज्यभर बार बंद राहिले. इथलंही शटर तेव्हा अर्धं खाली होतं.

आता पाडकामाकडे. नवी इमारत उभी राहीपर्यंत परवाना तात्पुरता दुसरीकडे न्यायचा, असा तोडगा पुढे आहे. ऐकायला सोपा. पण नव्या जागेपासून शाळा किंवा नोंदणीकृत धार्मिक स्थळ पंचाहत्तर मीटरच्या बाहेर हवं, आणि ते अंतर माणूस चालत जाईल त्या वाटेनं मोजायचं. गेल्या महिन्यात दोघं जण फीत घेऊन पेठेतून फिरत होते. एक टोक धरून मागे उभा, दुसरा पुढे चालतोय. प्रत्येक वेळी फीत संपायच्या आत कुठलं ना कुठलं देऊळ लागत होतं.