नायलॉन की रेडियल? पद्मिनीच्या चाकांचा निर्णय

जुनी प्रीमियर पद्मिनी नव्याने उभी करायला घेतली की पत्रा, रंग आणि इंजिन यांच्यावर महिनोन्महिने खल होतो; टायरचा निर्णय मात्र अगदी शेवटी, टायरवाला ‘नायलॉन देऊ की रेडियल?’ असे विचारतो तेव्हा, उभ्या उभ्या घेतला जातो. दोन्ही टायर १४ इंची रिमवर बसतात आणि लांबून सारखेच दिसतात, त्यामुळे प्रश्न केवळ किमतीचा वाटतो. परंतु कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट म्हणून आणि पुढे पद्मिनी या नावाने बाहेर पडलेली ही गाडी नायलॉन टायर गृहीत धरून बेतलेली होती, आणि रेडियल लावताना हे गृहीतकच बदलते.

ज्याला बाजारात नायलॉन म्हणतात तो क्रॉसप्लाय टायर. त्यात धाग्यांचे थर तिरपे असतात आणि प्रत्येक थर खालच्या थराच्या उलट दिशेने जातो. बाजेची एक सुतळी ओढली की सगळी वीण हलते, तसे या टायरची बाजू दबली की रस्त्याला टेकलेली पाठही तिच्याबरोबर मुरडते. रेडियलमध्ये मुख्य धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे जातात आणि पाठीखाली बहुधा पोलादी तारांचा वेगळा पट्टा असतो. त्यामुळे बाजू मोकळेपणाने वाकते आणि पाठ रस्त्यावर सपाट राहते. मिशेलिनने या रचनेचे पेटंट १९४६ मध्ये घेतले, म्हणजे पद्मिनीच्या जन्माआधीच रेडियल अस्तित्वात होता.

रस्त्यावर याचा परिणाम स्टिअरिंगमध्ये आधी जाणवतो. नायलॉन टायरवर गाडी रस्त्यातल्या चाकोऱ्या पकडते, हातात सतत थोडी हलती राहते आणि वळणावर लवकर सरकू लागते; मात्र ती सरकते हळूहळू, चालकाला सावध करीत. रेडियल बराच उशिरापर्यंत पकड धरतो, पण सुटतो तेव्हा तुलनेने अचानक सुटतो. गाडी जागच्या जागी वळवताना पॉवर नसलेले स्टिअरिंग रेडियलवर जड लागते, हेही पार्किंगशी रोज झगडणाऱ्याने लक्षात घ्यावे.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस सेवेतून गेली. उरलेल्या बहुतेक गाड्या हौशी मालकांच्या असून त्या धावतात कमी आणि उभ्या राहतात जास्त. उभ्या गाडीचा नायलॉन टायर टेकलेल्या जागी चपटा होतो आणि पहिले काही किलोमीटर गाडी धडधडते. टायर तापला की ती धडधड जाते, म्हणून लगेच बॅलन्सिंगला धावू नये. रेडियलची गंमत उलटी आहे: हवा बरोबर असतानाही त्याचे पोट सुटलेले दिसते, आणि तेवढ्यावरून अंदाजाने हवा भरणारे महाभाग कमी नाहीत. हवा गेजवरच मोजावी. जुन्या पुस्तिकेतला आकडा नायलॉनसाठी आहे. रेडियलला साधारणपणे दोन-चार पौंड जास्त लागतात. अलाइनमेंट करतानाही पुढच्या चाकांचा टो-इन, म्हणजे चाकांच्या पुढच्या कडांचा आतल्या बाजूचा किंचित कल, रेडियलसाठी सहसा कमी ठेवावा लागतो.

मापाची गफलत सर्वांत जास्त होते. मूळ टायरवर ५.२०-१४ असे लिहिलेले असते: रुंदी ५.२० इंच, म्हणजे सुमारे १३२ मिलिमीटर, आणि टायरच्या बाजूची उंची जवळजवळ रुंदीइतकीच, त्यामुळे एकूण व्यास ६० सेंटिमीटरच्या थोडा वर जातो. रेडियलवर रुंदी मिलिमीटरमध्ये असते आणि पुढचा आकडा बाजूची उंची रुंदीच्या किती टक्के आहे ते सांगतो. १५५/८० आर १४ चा व्यास हिशेबाने सुमारे ६०४ मिलिमीटर येतो, म्हणजे मुळाच्या जवळ. पण दुकानात हाताशी आहे म्हणून १५५/७० आर १४ चढवला, तर व्यास ५७३ वर उतरतो, वेगाचा काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी साडेछप्पनच्या आसपास असते आणि आधीच कमी उंचीचा सायलेन्सर गतिरोधकाला आणखी जवळ येतो. नवा टायर जुन्या अरुंद रिमला चालतो का, हे टायर कंपनीच्या तक्त्यात पाहावे.

रिम जुनी असेल तर ट्यूबलेस रेडियलमध्येही ट्यूब घालावी लागते, कारण टायरची कड आतून धरून ठेवणारा उंचवटा अशा रिमला नसतो. ती ट्यूब रेडियलसाठीचीच हवी. आतला कागदी स्टिकर खरवडून काढून शंखजिऱ्याची पूड लावून घ्यावी, नाहीतर त्या स्टिकरची कडाच ट्यूब घासून फोडते.

माझे मत विचाराल, तर प्रदर्शनात उभ्या राहणाऱ्या गाडीला नायलॉनच शोभतो, आणि महामार्गावर जाणाऱ्या गाडीला चारही रेडियल असावेत. तडजोड म्हणून दोन-दोन लावायचेच असतील, तर रेडियल मागे आणि नायलॉन पुढे. उलटे केले की पुढची पकड वाढते, मागची तोकडी पडते आणि ओल्या वळणावर गाडीची शेपटी बाहेर जाते. ब्रिटनमध्ये पुढे रेडियल आणि मागे नायलॉन ही मांडणी कायद्यानेच निषिद्ध आहे. एकाच अ‍ॅक्सलवर मिश्रण तर कधीच नको. नवे ब्रेक शू घालूनही गाडी एका बाजूला ओढत असेल, तर ड्रम पुन्हा पुन्हा उघडून शूचे अंतर जुळवणारा अ‍ॅडजस्टर फिरवण्याआधी पुढचे दोन्ही टायर एकाच जातीचे आहेत का, ते पाहावे. टायरांमधला फरक अ‍ॅडजस्टर भरून काढू शकत नाही.

याच कारणाने स्टेपनीही बदलायला हवी. चार नवे रेडियल घेणारा मालक डिकीतली जुनी नायलॉन स्टेपनी तशीच ठेवतो, आणि पुढचे चाक पंक्चर झाले की हे मिश्रण नेमके घाटात, अंधारात, आपोआप तयार होते.