आयसीपी वर्णपटमापक : प्लाझ्मानिर्मिती व नमुना-प्रवेश

विद्युत् प्रवर्तनाने तापवलेल्या आर्गॉनच्या प्लाझ्मात (आयन व मुक्त इलेक्ट्रॉन असलेल्या वायूत; इं. इंडक्टिव्हली कपल्ड प्लाझ्मा, संक्षेपाने आयसीपी) नमुन्याचे अणू व आयन तयार करून, त्यांनी उत्सर्जित केलेल्या प्रकाशावरून किंवा आयनांच्या वस्तुमानावरून मूलद्रव्यांचे प्रमाण ठरवणारे उपकरण. पाणी, माती, मिश्रधातू, औषधे इत्यादींच्या विश्लेषणात ते सर्रास वापरले जाते.

तारेच्या वेटोळ्यातून लेडन जारचे (विद्युत् भार साठवणाऱ्या काचेच्या बरणीचे) विसर्जन केले असता वेटोळ्यातील विरल वायूची नळी इलेक्ट्रोडांवाचून उजळते, हे हिटॉर्फ यांनी १८८४ च्या सुमारास नोंदवले. या प्रकाशाचे कारण मात्र दीर्घकाळ वादग्रस्त राहिले. जे. जे. टॉमसन यांनी ते बदलत्या चुंबकीय क्षेत्राच्या प्रवर्तनात शोधले, तर टाउनसेंड व डोनाल्डसन यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस वेटोळ्याच्या टोकांमधील विद्युत् विभवाला महत्त्व दिले. सुरुवातीची मंद दीप्ती विभवामुळे व नंतरचे तेजस्वी कडे प्रवर्तनामुळे, हे मॅकिनन यांचे १९२९ मधील स्पष्टीकरण दोन्ही बाजूंची निरीक्षणे सामावून घेत असल्याने अधिक ग्राह्य वाटते. वातावरणीय दाबाच्या प्लाझ्मावर लेनिनग्राडच्या बाबात यांनी १९४० च्या दशकात काम केले. उघड्या नळीतील वाहत्या आर्गॉनमध्ये तो स्थिर ठेवण्याची रीड यांची रचना १९६१ ची. विश्लेषणासाठीच्या वापराचे श्रेय ब्रिटनमधील ग्रीनफील्ड (१९६४) आणि अमेरिकेतील वेंट व फासेल (१९६५) यांना विभागून दिले जाते. मध्यभागी पोकळी असलेल्या कड्यासारख्या प्लाझ्माची उपयुक्तता ग्रीनफील्ड यांनी आधी ओळखली. आजच्या कमी शक्तीच्या उपकरणांची परंपरा मात्र मुख्यतः फासेल यांच्या गटाकडे जाते.

प्लाझ्मा जिच्यात तयार होतो ती टॉर्च म्हणजे एकात एक बसवलेल्या तीन नळ्या असून त्या बहुधा क्वार्ट्झच्या असतात. बाहेरच्या नळीतून मिनिटाला सु. १२ ते १५ लिटर आर्गॉन स्पर्शरेषेच्या दिशेने फिरत जातो व क्वार्ट्झ वितळू देत नाही. मधल्या नळीतील अल्प प्रवाह प्लाझ्माला आतील नळीच्या टोकापासून दूर ठेवतो. टॉर्चच्या टोकाभोवतीच्या तांब्याच्या वेटोळ्यात सामान्यतः २७.१२ किंवा ४०.६८ मेगाहर्ट्झचा प्रवाह खेळत असतो आणि शक्ती १ ते १.५ किलोवॉटच्या आसपास असते. टेस्ला वेटोळ्याच्या (उच्च विद्युत् दाब निर्माण करणाऱ्या साधनाच्या) ठिणगीने सुटलेले पहिले इलेक्ट्रॉन या क्षेत्रात वेग घेतात, आर्गॉनच्या अणूंवर आदळून नवे इलेक्ट्रॉन मोकळे करतात, आणि क्षणार्धात प्लाझ्मा स्वतःच टिकू लागतो. उच्च वारंवारतेमुळे प्रवर्तित प्रवाह बाहेरच्या थरातच एकवटतो. त्यामुळे तुलनेने थंड राहिलेल्या गाभ्यातून आतील नळीचा मिनिटाला सु. १ लिटरचा वायुप्रवाह प्लाझ्मा न विझवता आरपार जातो. नमुन्याला वाट मिळते ती येथे.

नमुन्याचा विद्राव सहसा पेरिस्टाल्टिक पंपाने (लवचीक नळी दाबत द्रव पुढे ढकलणाऱ्या पंपाने) नेब्युलायझरमध्ये येतो व आर्गॉनच्या झोताने त्याचे तुषार होतात. पुढील फवारा-कक्ष मोठे थेंब गाळून निचऱ्यात सोडतो आणि सु. १० मायक्रोमीटरपेक्षा लहान थेंबच पुढे धाडतो. नेहमीच्या मांडणीत यामुळे नमुन्याचे जेमतेम काही टक्के प्लाझ्मापर्यंत पोहोचतात, हा या पद्धतीचा जुना कच्चा दुवा होय. प्लाझ्मात पोहोचलेले थेंब काही मिलिसेकंदांत सुकतात, त्यांतील क्षार बाष्परूप होऊन अणूंत विभागतात; आर्गॉनची आयनीकरण-ऊर्जा (अणूतून इलेक्ट्रॉन काढण्यास लागणारी ऊर्जा) १५.७६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे धातूंच्या मानाने बरीच जास्त असल्याने बहुतेक धातूंचे आयनही होतात.

क्षारांनी नेब्युलायझरचे छिद्र तुंबते, तर हायड्रोफ्लोरिक अम्ल क्वार्ट्झ खाते. अशा अम्लयुक्त नमुन्यांसाठी अक्रिय प्लॅस्टिकचा नेब्युलायझर व अ‍ॅल्युमिनाची आतील नळी वापरतात. आर्सेनिक, सेलेनियम यांचे वायुरूप हायड्राइड (हायड्रोजनबरोबरची संयुगे) करून आणि घन नमुने लेसरने उडवूनही प्लाझ्मात सोडता येतात.