केनियात एम-पेसा चालू करायचंय? पासपोर्ट, सिम आणि नावाचं स्पेलिंग

नैरोबीला नोकरीसाठी किंवा मुलीकडे चार महिने राहायला जाणारी आपली बरीच मंडळी एकच प्रश्न विचारतात, की तिथे जीपे चालतं का. तिथे रोजचा व्यवहार एम-पेसावर, म्हणजे मोबाईलवरून पैसे देण्या-घेण्याच्या सेवेवर चालतो, भाजीवालीपासून मटाटूच्या (तिकडच्या मिनीबसच्या) कंडक्टरपर्यंत सगळे तेच घेतात, त्यामुळे उतरल्या उतरल्या पहिलं काम हे करा, डॉलर बदलणं नंतर बघता येईल. पेसा म्हणजे स्वाहिलीत पैसा, शब्द आपल्या पैशाचाच भाऊबंद आहे आणि 1920 पर्यंत तिकडे रुपयाच चालायचा.

एम-पेसा सफारीकॉम या केनियातल्या मोबाईल कंपनीने मार्च 2007 मध्ये सुरू केलं. यूपीआयमध्ये पैसे आपल्या बँकेच्या खात्यातून जातात, इथे बँकेचं खातं लागतच नाही, पैसे तुमच्या मोबाईल नंबरवरच जमा असतात. म्हणजे सिम हेच तुमचं खातं, हे डोक्यात पक्कं बसवा कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. (भारतातही व्होडाफोनने 2013 साली याच नावाने सेवा आणली होती, 2019 ला ती बंद झाली. त्या जुन्या खात्याचा इथे काही संबंध नाही, आणि आपलं भारतातलं सिम रोमिंगवर ठेवून एम-पेसा मिळत नाही, सफारीकॉमचंच सिम लागतं.)

कोणाला मिळतं? केनियाचा नागरिकच असायला पाहिजे असं काही नाही. फिरायला आलेल्या माणसालाही पासपोर्टवर सिम आणि एम-पेसा दोन्ही मिळतं. 18 पूर्ण नसेल तर आईवडिलांच्या किंवा पालकाच्या कागदपत्रांवर, सोबत जन्मदाखला लागतो. 10 ते 17 वयाच्या मुलांसाठी एम-पेसा गो म्हणून वेगळा प्रकार आहे, तोही पालकांच्या खात्याला जोडलेला.

कागदपत्रं म्हणाल तर यादी छोटी आहे पण कडक आहे. केनियन माणसाला राष्ट्रीय ओळखपत्र, आपल्याला मूळ पासपोर्ट. मूळ म्हणजे मूळच, झेरॉक्स नाही, मोबाईलमधला फोटो नाही. 90 दिवसांपेक्षा जास्त राहणार असाल तर परदेशी नागरिक म्हणून वेगळी नोंदणी करावी लागते आणि तुमचं कार्ड बनतं, तिथे लोक त्याला एलियन कार्ड म्हणतात, ते आल्यावर त्याच्यावरही सिम निघतं. जाण्याआधीचा ईटीए (ऑनलाईन प्रवास परवाना) तर तुम्ही काढलेलाच असेल, जानेवारी 2024 पासून व्हिसाच्या जागी तोच आहे, पण सिमसाठी मुख्य कागद पासपोर्टच.

सिम कुठून घ्यायचं? विमानतळावर किंवा मॉलमधल्या सफारीकॉमच्या स्वतःच्या दुकानातून, रस्त्यावर छत्री लावून बसलेल्या माणसाकडून नको, दहा मिनिटं रांगेत जास्त गेली तरी चालतील. दुकानात ते तुमचा फोटो काढतात, पासपोर्टवरून माहिती भरतात, सिम चालू होतं, मग तिथेच सांगायचं की एम-पेसाही चालू करून द्या. नोंदणीचे पैसे लागत नाहीत. मग चार आकडी पिन ठेवायचा आणि तो दुकानातल्या माणसालाही सांगायचा नाही, टाईप करताना मोबाईल स्वतःच्या हातात ठेवा. साधा फोन असला तरी स्टार 334 हॅश डायल केलं की सगळा मेनू येतो, स्मार्टफोनवर ॲप आहे.

आता ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसले ते सांगते, नावाचं स्पेलिंग. आपलं नाव तीन भागांचं, पासपोर्टवर आडनाव वेगळ्या ओळीत आणि स्वतःचं व वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव दुसऱ्या ओळीत, आणि भरणाऱ्या माणसाला त्यातलं काय पहिलं काय शेवटचं ते कळेलच असं नाही. माझ्या भाच्याचं सिम एका दुकानात असंच घाईत भरलं गेलं, आडनावात एक अक्षर चुकलं आणि पासपोर्ट नंबरचे दोन आकडे उलटे पडले, पैसे येत जात होते म्हणून सहा महिने काही कळलंच नाही, मग फोन चोरीला गेला, नवीन सिम मागायला गेला तर रेकॉर्डवरचा नंबर आणि हातातला पासपोर्ट जुळेना, आत पगाराचे पैसे आणि हा तीन दिवस हेलपाटे घालतोय. म्हणून काउंटर सोडायच्या आधी स्क्रीन आपल्याकडे वळवून घ्या आणि पासपोर्ट नंबर अक्षर अक्षर वाचा. संकोच करू नका. पिन विसरला, सिम बदलायचंय, काहीही झालं की पहिला प्रश्न तोच नंबर असतो. पासपोर्ट रिन्यू केला की नंबर बदलतो, तेव्हाही दुकानात जाऊन नवा नोंदवून घ्या, हे तर जवळजवळ सगळेच विसरतात.

आपल्या कागदावर आणखी कोणाचा नंबर चालू नाही ना, ते स्टार 106 हॅशवर बघता येतं. आणि दुसऱ्या कोणी तुमच्या नावाने सिम बदलून घेऊ नये म्हणून स्टार 100 स्टार 100 हॅश करून ठेवा.

पैसे भरायचे तर हिरव्या बोर्डाचा एजंट गल्लोगल्ली असतो, त्याला वकाला म्हणतात. भरायला फी नाही, पण ओळखपत्र न्या. काढताना मेनूत एजंट नंबर, रक्कम, पिन टाकायचा, आणि त्याची फी कापली जाते. जुलै 2023 मध्ये या फीवरची एक्साइज ड्यूटी 15 टक्के झाल्यानंतरच्या दरांत 100 शिलिंगपर्यंत (शिलिंग म्हणजे केनियाचं चलन) पाठवणं फुकट, 1000 पाठवले तर 13 शिलिंग आणि तेच एजंटकडून काढले तर 29. म्हणजे उगाच काढत बसू नका, थेट पाठवा. खात्यात जास्तीत जास्त 5 लाख शिलिंग ठेवता येतात, एका वेळी 2.5 लाखांपर्यंत आणि दिवसाला 5 लाखांपर्यंत व्यवहार होतो.

दुकानात दोन प्रकारचे नंबर दिसतील, नवीन माणूस इथे गोंधळतो. टिल नंबर असेल तर फक्त नंबर आणि रक्कम. पेबिल असेल तर त्याच्यासोबत अकाउंट नंबरही टाकावा लागतो, शाळेच्या फीला मुलाचा शाळेतला नंबर, विजेच्या प्रीपेड टोकनला मीटरचा नंबर. अकाउंट नंबर चुकला तर टोकन शेजाऱ्याच्या मीटरला जाईल.

पाठवताना समोरच्याचं नाव स्क्रीनवर येतं, या सोयीला हाकिकिशा म्हणतात, म्हणजे स्वाहिलीत खात्री कर, ते नाव वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. तरी चुकून गेलेच तर आलेला एम-पेसाचा मेसेज लगेच 456 ला फॉरवर्ड करा, तासभर विचार करत बसू नका, समोरच्याने पैसे काढून घेतले की परत मिळणं कठीण होतं. आणि "तुम्हाला चुकून पैसे आलेत, परत पाठवा" असा फोन आला तर आधी शिल्लक बघा, खोटे मेसेज खूप फिरतात, आणि परत पाठवायला सांगणाऱ्याला 456 चाच रस्ता दाखवा.

भारतात कायमचं परत येताना शेवटच्या आठवड्यात खातं रिकामं करा. बंद पडलेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्या कोणाला दिला जातो, त्यामुळे बँकेला, घरमालकाला, मुलांच्या शाळेला तो नंबर दिला असेल तर तोही आधी बदलून घ्या, आणि उरलेले शिलिंग विमानतळाच्या वाटेवर नाही तर आदल्या दिवशीच काढा, कारण मोठी रक्कम असेल तर छोट्या वकालाकडे तेवढी कॅश नसते.