कोरडे महिने मोजण्यासाठी सिंहराजात

मुंबई कर्कवृत्ताच्या दक्षिणेस, सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर वसलेली आहे; त्यामुळे येथून एखाद्या उष्णकटिबंधीय देशाच्या संशोधन सहलीला जाणारा विद्यार्थी मुळात उष्ण कटिबंधातलाच रहिवासी असतो. त्याच्या शहराला लागून शंभराहून अधिक चौरस किलोमीटरचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान पसरलेले आहे, आणि तुलनेसाठी हाताशी असलेले असे जंगल हे त्याचे मोठे भांडवल आहे. श्रीलंकेतील सिंहराजा वर्षावनाची सहल आखताना संशोधनाचा प्रश्न या तुलनेतूनच निघावा, असे मला ठामपणे वाटते.

सिंहराजा हे १९८८ पासून जागतिक वारसा स्थळ आहे. तेथे वर्षाला साधारण साडेतीन ते पाच हजार मिलीमीटर पाऊस पडतो. सांताक्रूझच्या वेधशाळेत नोंदला जाणारा पाऊसही काही थोडा नाही. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच तो सरासरी २००० मिलीमीटरच्या वर जातो. खरा फरक आहे तो उरलेल्या महिन्यांत. उष्णकटिबंधीय वनांच्या अभ्यासात १०० मिलीमीटरपेक्षा कमी पावसाचा महिना सामान्यतः कोरडा मानतात, कारण जमिनीतून आणि पानांतून महिन्याला साधारण तेवढे पाणी हवेत निघून जाते. या मापाने मुंबईत वर्षाचा अर्ध्याहून अधिक काळ कोरडा ठरतो. सिंहराजाला मात्र नैर्ऋत्य आणि ईशान्य असे दोन्ही मोसमी पाऊस मिळत असल्याने तेथे सर्वसाधारण वर्षात एकही महिना खऱ्या अर्थाने कोरडा जात नाही.

या एका फरकातून दोन वेगळी जंगले घडतात. आपल्याकडचे साग, पळस आणि सावर हे वृक्ष कोरड्या काळात पाने गाळतात, कारण पानांवाटे जाणाऱ्या पाण्याची भरपाई सुकत चाललेल्या जमिनीतून होऊ शकत नाही. हा पालापाचोळा कितीतरी आठवडे जवळपास तसाच पडून राहतो. बुरशी आणि जिवाणू यांना काम करायला लागणारा ओलावाच त्यात नसतो. पहिल्या पावसात माती भिजली की सूक्ष्मजीव एकदम सक्रिय होतात आणि मातीतून कार्बन डायऑक्साइडचा लोंढा बाहेर पडतो. बर्च या मृदाशास्त्रज्ञाने १९५८ मध्ये वर्णन केलेला हा परिणाम आज त्याच्याच नावाने ओळखला जातो. सदाहरित सिंहराजात पाने कमीअधिक प्रमाणात वर्षभर गळतात आणि वर्षभर कुजतात.

हे कुजणे मोजण्याची एक अतिशय सुलभ रीत २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात ग्रीन टी आणि रुईबॉस (दक्षिण आफ्रिकेतील एका झुडपापासून केलेला चहा) यांच्या बाजारात मिळणाऱ्या टी-बॅगा तोलून ८ सेंटीमीटर खोल पुरतात, सुमारे ९० दिवसांनी उकरून काढतात, वाळवतात आणि पुन्हा तोलतात. ग्रीन टी लवकर कुजतो, रुईबॉस सावकाश. दोन्हींच्या वजनातील घटीवरून विघटनाचा वेग आणि न कुजता टिकून राहणारा अंश यांचा अंदाज बांधता येतो. जगभर एकाच प्रकारचा चहा वापरला जात असल्याने दूरदूरच्या ठिकाणांची तुलना शक्य होते, आणि महाविद्यालयाला फार तर एक अचूक तराजू आणि वाळवणीची भट्टी एवढेच लागते. पिशवीच्या बारीक जाळीतून वाळवी आत शिरू शकत नाही, त्यामुळे तिचे काम या मोजमापात येत नाही. उष्ण कटिबंधातील जंगलांच्या बाबतीत ही मर्यादा लहान नव्हे.

विद्यार्थ्यांनी वन विभागाची परवानगी घेऊन उद्यानात एक संच फेब्रुवारीत आणि दुसरा जूनमध्ये पुरावा, तसेच संच त्याच महिन्यांत सिंहराजात पुरावेत. सिंहराजा मुंबईपेक्षा काहीसे थंड आहे आणि तिथली मातीही वेगळी आहे. म्हणून दोन जंगलांच्या आकड्यांतील सरळ फरकाचे श्रेय एकट्या पावसाला देता येणार नाही. परंतु एकाच जंगलातील दोन ऋतूंमधला फरक मुंबईत मोठा आणि सिंहराजात किरकोळ निघाला, तर कोरड्या महिन्यांकडे निर्देश करणारा तो बराच भक्कम पुरावा ठरेल. मातीचा स्वभाव हातभरावर बदलत असल्याने प्रत्येक संचात अनेक जोड्या, एकमेकींपासून अंतर राखून, पुरणे अगत्याचे आहे.

अडचण आहे ती ९० दिवसांची, कारण सहल आठवड्या-दोन आठवड्यांत संपते. शिवाय १९९२ च्या जैवविविधता करारानुसार जैविक संपत्तीवर त्या त्या देशाचा सार्वभौम हक्क आहे, आणि माती लागलेल्या पिशव्या सीमेपार नेणे रोगजंतूंच्या दृष्टीनेही धोक्याचे आहे. म्हणून श्रीलंकेतील एखाद्या विद्यापीठातील विद्यार्थी पहिल्या दिवसापासून या कामात सहभागी हवेत. पिशव्या तेच उकरतील, तेथेच वाळवतील आणि तोलतील. मुंबईला फक्त नोंदी येतील, आणि त्या नोंदींवरून जो शोधनिबंध लिहिला जाईल त्यावर दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांची नावे असतील.