पेंढ्याच्या खोलीतली थेरपी

आमच्या कौलारू घरात खोल्यांच्या भिंती छपरापर्यंत जात नाहीत, वर सगळं मोकळं. माजघरात कुजबुजलं तरी ओटीवरच्या काकांना ऐकू जातं, आणि काकांना कळलं की संध्याकाळपर्यंत वाडीला कळतं. दोन वर्षांपूर्वी एसटीत बसलं की माझी छाती धडधडायला लागायची, घाम फुटायचा, वाटायचं आता संपलो. ईसीजी स्वच्छ निघाला. डॉक्टर म्हणाले, "हृदय ठणठणीत आहे, थेरपिस्टकडे जा." थेरपिस्ट रत्नागिरीला. जायचं कशानं? एसटीनं!

म्हणून मोबाइलवर सुरुवात केली, आंब्याची अढी घालायच्या खोलीत. हंगाम सोडला तर ती रिकामीच असते आणि घरापासून लांब आहे. पेंढ्याचा वास, उलटी ठेवलेली पेटी हीच खुर्ची. पण पडद्यावर बोलून खरंच बरं वाटतं का, ही शंका होतीच.

ही शंका करोनाच्या फार आधीची आहे. अमेरिकेत नेब्रास्कातल्या मानसोपचार संस्थेनं १९५९ मध्येच दुतर्फा टीव्ही जोडून गट-उपचार करून पाहिले होते. अलीकडची मोजणी जास्त काटेकोर आहे. विचार आणि वर्तन बदलण्यावर भर देणारी 'सीबीटी' ही उपचारपद्धती इंटरनेटवरून आणि समोरासमोर, अशी दोन्हीकडे देऊन पाहणारे २० अभ्यास २०१८ मध्ये एकत्र तपासले गेले. त्यात १,४१८ माणसं होती. अशा तुलनेत दोन उपचारांच्या परिणामातला फरक एका ठरलेल्या मापावर मोजतात, त्यावर ०.२ इतका फरकसुद्धा 'लहान' समजतात. इथे तो ०.०५ निघाला. म्हणजे जवळपास नाहीच. मात्र यातले बरेच उपचार व्हिडिओ कॉलवरचे नव्हते. रुग्णानं धडे वाचायचे, गृहपाठ करायचा आणि थेरपिस्टनं लेखी उत्तर द्यायचं, असा तो प्रकार. शिवाय प्रयोगात भाग घ्यायला तयार झालेली माणसं मुळात इंटरनेटला न बिचकणारी असणार, हेही धरून चालावं.

मला स्वतःला त्याहून पटला तो २०१२ चा शिकागो परिसरातला प्रयोग. नैराश्याच्या ३२५ रुग्णांपैकी निम्म्यांना फोनवर सीबीटी, निम्म्यांना दवाखान्यात. मध्येच उपचार सोडणारे दवाखान्यात ३२.७ टक्के, फोनवर २०.९ टक्के. उपचार संपताना दोन्ही गट सारखेच सुधारले होते. सहा महिन्यांनी मात्र दवाखान्यातला गट किंचित पुढे होता. तरी गाडी चुकली, पाऊस लागला, भातलावणी आली म्हणून उपचार सोडणारे इथे किती असतील ते आम्हाला विचारा.

माझ्या आजारात चक्र असं फिरतं: धडधड होते, मन म्हणतं हा हार्ट अटॅक, त्या भीतीनं धडधड आणखी वाढते. ते तोडायला धडधड मुद्दाम आणायची आणि काही होत नाही हे शरीरालाच दाखवायचं. माझ्या थेरपिस्ट मॅडमनी मला पडद्यावरून जागच्या जागी मिनिटभर पळायला लावलं. मग स्ट्रॉमधून श्वास. पुढे थांब्यावर उभ्या एसटीत बसून, कानाला इअरफोन. दवाखान्यातल्या खुर्चीत हे शेवटचं जमलं नसतं.

त्रासही आहे. पावसात लाइट गेली की थोड्या वेळानं टॉवरही मान टाकतो. आवाज उशिरा पोचला तर दोष आपण लाइनला देत नाही, माणसाला देतो. २०१४ मध्ये जर्मन संशोधकांनी दाखवलं की सव्वा सेकंदाच्या आसपास उशीर झाला की पलीकडचा माणूस तुसडा, लक्ष न देणारा वाटतो. मलाही जुलैत मॅडम तशाच वाटल्या होत्या. आता लाइन अडखळली की आम्ही व्हिडिओ बंद करतो, नुसतं बोलतो.

आणि नुसतं ॲप घेऊन भागत नाही. सौम्य नैराश्यात एकट्यानं धडे गिरवून चालतं, पण त्रास मध्यम किंवा जास्त असेल तर पलीकडे विचारपूस करणारं माणूस असलेलं बरं, असंच अभ्यास सांगतात. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील, भास होत असतील किंवा घरातल्याच माणसाची भीती असेल, तर फक्त पडद्यावर विसंबू नये.

रत्नागिरीचं मनोरुग्णालय १८८६ पासूनचं. तेव्हापासूनच बहुधा "ह्याला रत्नागिरीला न्यायला हवा" ही आमच्याकडची चेष्टा चालत आली आहे, आणि तिच्या धाकानं कितीतरी माणसं आधी भगताकडे जातात. त्यांच्यासाठी १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे. २०२२ पासून चालू, मोफत, चोवीस तास, मराठीतही. शेतात उभं राहून लावला तरी लागतो, रेंज असली म्हणजे झालं.

एप्रिलमध्ये खोलीत आंबा आला. माझी दोन सेशन सड्यावर काजूच्या सावलीत झाली, भर उन्हात पडद्यावर काही दिसेना. तिसऱ्याला मी सकाळच्या एसटीनं रत्नागिरीला गेलो. खिडकी मिळाली नाही.